खालचा पाइप

वाशी,
४ मे २०२५

आयुबचाचा,
सप्रेम जयभीम आणि सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तो आधी तुमच्या सुनेला, तबस्सुमला, मग चाचींना, मग शेजारच्यांना कळून सगळ्यात शेवटी तुमच्यापर्यंत येतो, अशी तुमचीच तक्रार असते. म्हणून पत्र लिहितो. बातमी चांगली नाही.

दैवशाला मावशी गेली. आईची पाठची बहीण, सोनारीजवळ दिलेली. निरोप आला की आता थोडंच राहिलंय, सुमनला बघायचंय म्हणते, प्रीतीलाही आणा. आमची प्रीती वनरक्षक म्हणून निवडली गेल्याचं तिला कळलं होतं. आई, प्रीती आणि मी आप्पांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या गाडीनं निघालो. भूम मागं टाकलं आणि चढाला गाडी तापली. काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. आई मागून "थांबू नको" म्हणत होती, म्हणून तशीच दामटली. मग इंजिन जे बंद पडलं ते पडलंच. कांद्याच्या टेंपोतून पुढं गेलो. पोहोचलो तेव्हा मावशीला अंघोळ घालून अंगणात ठेवलेलं होतं. दिवसभर दाराकडंच बघत होती म्हणाले.

गाडी ओढून आणून दारात उभी केली आहे. रमजानात तुम्हीच तिचं काम केलं होतं, तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून कळवलं. कारण काही समजलं नाही. जुनी गाडी, चालायचंच.

तुमची पत्रं प्रीती आईला मोठ्यानं वाचून दाखवते, आप्पांपासूनची रीतच आहे ती. तेव्हा दोन शब्द आईसाठीही लिहा.

तुमचा,
प्रसेनजित

*

अणदूर,
११ मे २०२५

चिरंजीव प्रसेनजित,
आयुबची दुआ.

सुमनवहिनी, बहिणीसारखं माणूस जातं तेव्हा आपलं लहानपण सांगणारं कुणी उरत नाही. माझी मोठी आपा गेली तेव्हा मला हे कळलं. आमची नूरुन्निसा तुमची आठवण काढून रडली. सबर करा, एवढंच म्हणतो.

आता प्रसेनजित, तुझ्याशी. अक्षर तुझं बापापेक्षा बरं आहे, माहिती मात्र बापापेक्षा कमी. "जुनी गाडी, चालायचंच" हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. घरातलं म्हातारं माणूस तापानं फणफणलं तर डॉक्टरला असंच सांगशील? गाडी कारणाशिवाय तापत नसते. तुझ्या बापानं, कोंडिबानं ती घेतली तेव्हापासून तिच्यावर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात पडलेला नाही, तेव्हा मला कळलं पाहिजे.

कूलंट किती होतं, कुठून गळत होतं का, पंखा फिरत होता का, पट्टा शाबूत आहे का, ऑइलची काडी काढल्यावर दुधाच्या चहासारखं काही दिसलं का, ते कळव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचा पाइप. रेडिएटरला दोन जाड पाइप असतात. इंजिनातलं तापलेलं पाणी वरच्यातून जाळीत येतं, वाऱ्यानं निवतं आणि खालच्यातून परत जातं. मधे थर्मोस्टॅट म्हणून एक छोटं दार असतं, ते पाणी तापलं की उघडतं. ते अडकलं तर वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गार राहतो. दोन्ही गरम असतील तर दार उघडलंय, पाणी फिरतंय, मग दोष जाळीत किंवा वाऱ्यात शोधायचा.

ते दार रमजानात मीच बदललं होतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी तो पातेल्यात उकळून बघतो, उघडतो की नाही. चाचीनं एक पातेलं त्यापायी कायमचं माझ्या नावावर केलंय, त्यात ती भाजीसुद्धा करत नाही.

लवकर लिही.
आयुब

*

वाशी,
१८ मे २०२५

आयुबचाचा,

पत्र मिळालं. आईनं तिचे शब्द दोनदा वाचून घेतले.

कूलंट पुरेसं होतं, तुम्ही भरून दिलं होतं तेवढंच. गळती कुठं दिसली नाही. पंखा फिरत होता, आवाज येत होता. पट्टा शाबूत आहे. ऑइलमध्ये पांढरं काही नाही. खालच्या पाइपचं मात्र सांगता येत नाही, त्या गडबडीत हात लावून बघायचं सुचलं नाही. आई रस्त्यात उभी, वरून ते ऊन, काही सुचत नव्हतं.

ऑफिसात मार्चपासूनची कामं साठली आहेत. प्रीतीचं ट्रेनिंग पावसाळ्यात सुरू होईल. तुम्ही गाडीचा फार विचार करू नका.

प्रसेनजित

ता. क. चाचा, मी प्रीती. बाबांच्या बोटाला त्या दिवशी मोठा फोड आला होता, आता बरा आहे. चाचींना माझा सलाम सांगा.

*

अणदूर,
२४ मे २०२५

प्रसेनजित,

पाणी पुरं, पंखा चालू, पट्टा शाबूत, गळती नाही. मग उरलं काय ते मला दिसतंय आणि झोप येत नाही.

हात लावायचं सुचलं नाही म्हणतोस, आणि प्रीती म्हणते बोटाला फोड आला. मग कशाला लागला होता हात? वरच्या पाइपला की खालच्या? एवढं एकच सांग. आठवत नसेल तर मी पुढच्या आठवड्यात एसटीनं येतो आणि इंजिन उघडून बघतो. गुडघे दुखतात, पण येईन.

आयुब

*

वाशी,
१ जून २०२५

आयुबचाचा,

आता नीट आठवलं. बोट वरच्या पाइपला भाजलं. खालच्याला नंतर हात लावला होता, तो थंड होता.

या उन्हात तुम्ही एवढ्या लांब येऊ नका. येऊन उपयोगही नाही. गाडी परवाच भंगारवाल्याला देऊन टाकली. दारात बघून आईला रोज त्रास व्हायचा. आप्पांची गाडी म्हणून मलाही वाईट वाटलं, पण किती दिवस ठेवणार?

झालं ते झालं. चाचींना नमस्कार.

प्रसेनजित

*

अणदूर,
९ जून २०२५

चिरंजीव प्रसेनजित,

बकरी ईद झाली, पण गोड लागली नाही.

तुझ्या ज्या एका शब्दाची वाट बघत होतो तो आला. वरचा गरम, खालचा थंड. म्हणजे दार उघडलं नाही. म्हणजे दोष माझा.

त्या दिवशी पातेलं शेगडीवर चढलंच नव्हतं. रोजा सोडायची वेळ होत आली होती, चाचीच्या दोन्ही शेगड्या अडकलेल्या, आणि तुला फार रात्र व्हायच्या आत वाशी गाठायची होती. डब्यातून काढला, नवाकोरा दिसला, बसवून टाकला. आजवर कधी असं केलं नव्हतं रे. एकदा केलं, आणि ते एकदाचं नेमकं तुमच्या वाट्याला आलं.

सुमनवहिनी, प्रीती हे तुम्हाला वाचून दाखवत असेल. तुमची बहीण दाराकडं बघत गेली ती माझ्यामुळं. कोंडिबा असता तर त्याच्यापुढं मान खाली घालून उभा राहिलो असतो, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि मला बरं वाटलं असतं. तुमच्यापुढं यायची हिंमत होत नाही. माफी मागायचाही हक्क वाटत नाही, तरी मागतो.

कान गेले तेव्हा मी लोकांना सांगायचो, हात आहेत ना अजून, बॉनेटवर ठेवले की इंजिनाचं दुखणं कळतं. आता हातांचाही भरवसा वाटत नाही. काल दोन गाड्या आल्या होत्या, परत पाठवल्या. आणखी कुणाचं माणूस माझ्यापायी रस्त्यात अडकायला नको.

आयुब

*

वाशी,
१८ जून २०२५

आयुबभाईंना सुमनबाईचा जयभीम.

(चाचा, मी प्रीती लिहिते आहे. आजी म्हणाली, सुधरवून लिहू नको, म्या बोलते तसंच लिही.)

तुमचं पत्र पोरीनं वाचलं. वाचता वाचता ती मधीच थांबली. म्या म्हनलं, थांबू नको, समदं वाच. आज प्रसेनजित हापिसात गेलाय तवर लिहून घेते. त्येला ह्ये पत्र ठावं न्हाय.

आयुबभाई, तुमच्या हातानं काय बी चुकलं न्हाय. प्रीतीची निवड झाली तवा गल्लीतल्या पोरांनी फ्लेक्स केला व्हता. तिचा ह्यो एवढा फोटू, आन् खाली अभिनंदन. सोनारीकडं निघताना म्या म्हनलं, ह्यो गाडीच्या तोंडावर बांध. प्रसेनजित नको नको म्हनत व्हता. म्या हट्टच धरला. कशापायी? तर दैवशालाला लेकरू न्हाय म्हनून तिच्या दिरांनी जलमभर टोमनं मारलं. मला बी एकदा म्हनलं, तुमच्या घरात पोरी शिकून काय दिवं लावनार. म्हनलं, आता त्येंच्या दारावरनं गाडी जाऊ दे, बघू देत डोळं भरून. बहीन मरायला टेकली व्हती आन् म्या मिरवायला निघाले व्हते, आयुबभाई.

गाडी बंद पडली तवा प्रसेनजित खाली उतरला. मानूस आधी पानी बघतंय. ह्यानं आधी त्यो फ्लेक्स टराटरा फाडला आन् रस्त्याच्या कडंला फेकला, मग बॉनेट उघडलं. तवाच मला समजलं. जाळीवर आडवं कापड, वारा कुटनं येनार? गाडीला इंजिन असू दे न्हायतर मानसावानी छाती, तोंड दाबलं की जीव घाबरा व्हनारच.

त्येला वाटतंय आईला ठावं न्हाय. आईला कळलं तर ती झुरंल, म्हनून त्यो गप. त्येला तेवढाच आधार म्हनून म्या गप. प्रीतीला वाटतंय तिच्या फोटूनं समदं झालं. (चाचा, खरंच वाटतं. रोज वाटतं. प्रीती.) घरात तिघं बी एकमेकाचं तोंड चुकवून जेवतोय. आमचं आमी कसं बी निस्तरलं असतं. पर तुमी माझी माफी मागितली, आयुबभाई, तवा मला भाकर गिळंना.

बहिनीची भेट म्या चुकवली. तुमी न्हाय. तुमी गॅरेज उघडा.

सुमनबाई

*

वाशी,
१९ जून २०२५

आयुबचाचा,

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही उगाच एवढं मनाला लावून घेता. थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी लोखंडाचा तुकडा, कधी अडकणार, कधी नाही, ते कुणाच्या हातात असतं का? चूक कुणाकडून होत नाही?

आईनं तुम्हाला मनापासून माफ केलं आहे. ती फारसं बोलत नाही, पण मी तिचा मुलगा आहे, मला तिच्या मनातलं कळतं. तेव्हा गाड्या परत पाठवू नका. पुढच्या वेळी आठवणीनं पातेलं चढवा म्हणजे झालं.

तुमचाच,
प्रसेनजित

*

अणदूर,
२७ जून २०२५

प्रसेनजित,

दोन पत्रं एकाच दिवशी हातात पडली. वहिनींचं आधी उघडलं, तुझं नंतर. उलट झालं असतं तर बरं झालं असतं. तुझं निदान एकदा तरी मायेनं वाचलं असतं.

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. आईला त्रास होऊ नये म्हणून तू खोटं बोललास, हे मला समजतं. मीही माझ्या आईसाठी बोललो असतो. पण "आईनं तुम्हाला माफ केलं आहे" हे तू कुठल्या हातानं लिहिलंस? ज्याला खालच्या पाइपचा फोड आला होता, त्याच? आणि पातेलं चढवायला मला शिकवतोस?

चाची म्हणाली, पोरगं घाबरलं असेल, जाऊ द्या. मी म्हणालो, घाबरलेलं पोरगं गप्प बसतं, बापाची गाडी भंगारात देत नाही. मग मीच गप्प बसलो, कारण लहान असताना तू त्याच गाडीच्या टपावर चढून बसायचास आणि उतरवायला गेलं की माझ्याच गळ्यात पडायचास. एवढं मोठं ओझं माणूस परक्याच्या डोक्यावर ठेवत नाही, आपला समजूनच ठेवतो, अशी मनाची समजूत घालतोय. रोज थोडी थोडी पटते.

वहिनी म्हणतात गॅरेज उघडा. अवजारं नळदुर्गला फिरोजकडं दिली, पुतण्याच आहे, मागितली तर आजच्या आज आणून देईल. अडचण ती नाही. इतके दिवस दारात आलेल्या प्रत्येकाला मी माझ्या तोंडानं सांगितलंय, माझ्या हातून चूक झाली, कोंडिबाच्या मेव्हणीची शेवटची भेट चुकली, मला गाडी देऊ नका. शिवलिंगप्पानं ट्रॅक्टर दुसरीकडं नेला. जीपवाले तर आता माझ्याकडं बघून नुसते हात वर करतात. आता त्यांना काय सांगू? कोंडिबाचं पोरगं खोटं बोललं म्हणून?

ते मी सांगणार नाही. कोंडिबा या गावात शाळेचा शिपाई होता आणि त्याच्या शब्दावर लोक आपली लेकरं सोडून बाजाराला जायचे. त्याचं नाव माझ्या तोंडून खाली यायचं नाही. त्यापेक्षा माझं आलंय ते राहू दे.

वहिनींना सांग, त्यांनी मला सोडवलं. त्यांना कुणी सोडवायचं ते आता तू बघ.

आयुब

*

वाशी,
७ जुलै २०२५

आयुबचाचा,

खालचा पाइप गरम होता. हात लावला आणि कातडी सोलून निघाली. हे तुम्हाला माहीत झालंय, तरी माझ्या हातानं एकदा लिहिलं पाहिजे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आईसमोर बसलो आणि सगळं बोललो. आई म्हणाली, "मला ठावं व्हतं, पर तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं." मग आम्ही तिघंही रडलो. आई अजून जेवताना मधेच थांबते. मी नुसता शेजारी बसून राहतो.

परवा बाजाराच्या दिवशी मी अणदूरला आलो होतो. तुम्ही नमाजला गेला होतात. खरं सांगायचं तर मी ती वेळ बघूनच आलो, तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहायचा धीर नव्हता. तुमच्या बंद शटरसमोरच्या हॉटेलात गेलो. शिवलिंगप्पा होते, जीपवाले होते, शाळेतले जुने दोन सर होते. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चाचांची काही चूक नव्हती, गाडीच्या जाळीवर मी फ्लेक्स बांधला होता, त्यानं इंजिन गेलं, आणि मी खोटं बोलून ते चाचांवर ढकललं. आईचं नाव घेतलं नाही. बाकी काही लपवलं नाही.

एकानं विचारलं, गाडी कुठं आहे, दाखव. गाडी तर मीच भंगारात घातली होती. बोट दाखवलं, तर त्यावर खूणसुद्धा राहिलेली नाही.

मग शिवलिंगप्पा उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बस रं पोरा. आयुबनं आमाला समदं सांगितलंय. म्हाताऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला एवढ्या लांबनं आलास व्हय? कोंडिबाचं रक्त हाय, दुसरं काय."

मी म्हणालो, तसं नाही, खरंच मीच केलं. जितकं ठासून सांगितलं तितके ते हळवे होत गेले. एका सरांनी डोळे पुसले. जीपवाला दुसऱ्याला सांगत होता, आजकाल अशी पोरं कुठं राहिलीत. मी आवाज चढवला तर म्हणाले, असू दे, असू दे, आमी बी आयुबला काय बोलनार न्हाय.

चाचा, तुमचं नाव परत द्यायला आलो होतो. माझंच आणखी मोठं करून दिलं त्यांनी.

हॉटेलवाल्यानं फडक्यानं टेबल पुसलं, मला बसवलं आणि न मागता समोर चहा आणून ठेवला. मलईचा. सगळे कौतुकानं माझ्याकडं बघत होते. बोलून बोलून माझा घसा कोरडा पडला होता.

मी तो चहा प्यालो.

प्रसेनजित